मोठ्या प्लेटलेट्सची धास्ती आणि न तपासलेली साखर

गेल्या पावसाळ्यात आमच्या चाचांना चार दिवस ताप आला. उरणमध्ये पावसाळ्यातला ताप म्हटला की घरात पहिला शब्द निघतो तो 'प्लेटलेट्स'. डेंग्यूने हा शब्द मोहल्ल्यातल्या दादी-नानींच्याही तोंडी बसवला आहे. संध्याकाळी कलेक्शन सेंटरवर रक्त दिलं, दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट मोबाइलवर आला. डेंग्यू नाही. प्लेटलेट्स १ लाख ७२ हजार. सगळ्यांनी अलहम्दुलिल्लाह म्हटलं आणि चहा टाकला.

चहा उकळायच्या आत आमच्या मुलाची नजर दोन ओळी खाली गेली. तिथे लिहिलं होतं एमपीव्ही १२.९, आणि पुढे ठळक अक्षरात 'एच', म्हणजे हाय. त्याने लगेच मोबाइलवर शोधलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं की प्लेटलेट्सचा आकार मोठा असेल तर हार्ट अटॅकचा आणि डायबिटीसचा धोका असू शकतो. 'असू शकतो' हे दोन शब्द कुणाच्या कानात शिरले नाहीत. चाची तिथेच खाली बसल्या.

पुढे जे झालं ते सांगायला आम्हाला संकोच वाटतो, पण ते लपवण्यासारखंही नाही. शेजारच्या मामूंना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसला आहे. त्यांना 'रक्त पातळ करायची' ॲस्पिरिनची गोळी रोज चालू असते. चाचांनी त्यांच्याकडून गोळीचं नाव घेतलं, मेडिकलमधून पट्टी आणली आणि जेवणानंतर रोज एक घ्यायला सुरुवात केली. डॉक्टरांना विचारावं असं कुणाच्या मनात आलं नाही. त्यातल्या त्यात आम्हाला ते शहाणपणाचंच वाटलं होतं. गुडघ्यासाठी ते दुखण्याची गोळी अधूनमधून घेतच होते, तीही चालू राहिली. तीन आठवड्यांनी जोहरच्या नमाजात सजद्यातून उठताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मग हळूच कबूल केलं की दोन-तीन दिवस शौचाला डांबरासारखं काळं होतंय. पोटात रक्तस्राव होत होता. हिमोग्लोबिन १३ वरून साडेदहावर आलं होतं.

हे सगळं एका ओळीपायी घडलं. म्हणून त्या ओळीचा अर्थ आम्ही डॉक्टरांकडून आणि वाचनातून नीट समजून घेतला. सीबीसी नावाची ही तपासणी आता घरोघरी होते. तापात होते, ऑपरेशनआधी होते, गरोदरपणात होते, आखातात नोकरीला जायच्या आधी होते. ती ओळ कधी ना कधी तुमच्याही हातात येणार आहे.

आधी प्लेटलेट म्हणजे काय ते पाहू. बकरीदला नळी फोडल्यावर आत जो मऊ मगज निघतो, तशी मज्जा आपल्याही हाडांत असते. तिथे मेगाकॅरिओसाइट नावाच्या प्रचंड मोठ्या पेशी असतात. त्यांचे हजारो बारीक तुकडे सुटून रक्तात येतात, त्या प्लेटलेट्स. मराठी पुस्तकांत त्यांना बिंबिका म्हणतात. तुकडा दोन-तीन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग दोन-तीनदा घ्यावा एवढा. निरोगी माणसाच्या शरीरात रोज सुमारे १०,००० कोटी नव्या प्लेटलेट्स तयार होतात आणि प्रत्येकीचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं. इटलीतल्या तुरिन शहरात जुलिओ बिझोझेरो या संशोधकाने १८८२ मध्ये त्यांचं काम ओळखलं. रक्तवाहिनीला कुठे चीर पडली की या तिथे जाऊन चिकटतात, एकमेकींना हाक मारतात आणि भोक बुजवतात. मासळी साफ करताना विळीवर बोट कापलं तर दोन-तीन मिनिटांत रक्त थांबतं, ते यांच्यामुळे.

हेच काम चुकीच्या जागी झालं तर जीव जातो. हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर साचलेला असतो. तो अचानक फुटला की प्लेटलेट्सना वाटतं जखम झाली. त्या धावतात, गुठळी करतात आणि वाट बंद होते. हाच हार्ट अटॅक. मेंदूच्या वाहिनीत असंच झालं तर लकवा.

आता आकाराची गोष्ट. सगळ्या प्लेटलेट्स सारख्या नसतात. मोठ्या प्लेटलेटच्या आत गुठळी करणारा माल जास्त भरलेला असतो आणि ती पटकन पेटून उठते, हे प्रयोगशाळेत अनेकदा दिसलं आहे. एमपीव्ही म्हणजे तुमच्या प्लेटलेट्सचं सरासरी आकारमान. ते फेमटोलिटर या एककात मोजतात आणि बहुतेक रिपोर्टांत साधारण साडेसात ते साडेअकरा हा पट्टा नेहमीचा धरलेला असतो. प्लेटलेट्स जास्त खर्च होऊ लागल्या की मज्जा घाईने नवा माल पाठवते, आणि तो बऱ्याचदा मोठा असतो. म्हणून संख्या कमी असेल तिथे आकार मोठा, हे पुष्कळदा जोडीने चालतं.

हृदयरोगाशी याचा संबंध डॉक्टरांनी फार पूर्वीच तपासायला घेतला. १९९१ मध्ये ब्रिटनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. एकदा झटका येऊन गेलेल्या १,७०० हून अधिक पुरुषांच्या प्लेटलेट्सचा आकार सहा महिन्यांनी मोजला होता. ज्यांना पुढे पुन्हा झटका आला किंवा जे दगावले, त्यांच्या प्लेटलेट्स सरासरीने मोठ्या होत्या. त्यानंतर असे अभ्यास खूप झाले. तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी तर या एका आकड्यावर इतकं लिहिलं आहे की आश्चर्य वाटतं. लठ्ठ माणसांचा एमपीव्ही जास्त निघाला आणि वजन उतरवल्यावर तो खाली आला, असंही तिथल्या एका अभ्यासात दिसलं. आपल्या शेजारी, कर्नाटकात, २०१२ मध्ये ३०० मधुमेही आणि मधुमेह नसलेल्या ३०० जणांची तुलना झाली. मधुमेहींच्या प्लेटलेट्स सरासरीने मोठ्या होत्या. मग आमच्या मुलाने वाचलं ते खोटं होतं का? खोटं नव्हतं, अर्धं होतं.

उरलेलं अर्धं डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. काळ्या शौचाची गोष्ट ऐकून ते चाचांवर रागावतील असं वाटलं होतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "चाचा, गोळी कुणी सांगितली?" चाचा गप्प. मग त्यांनी जुना रिपोर्ट मागून घेतला आणि रक्त काढल्याची वेळ पाहिली. संध्याकाळी ७. मशीनवर लागलं दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता.

या वेळेला एवढं महत्त्व का? सीबीसीसाठी रक्त जांभळ्या टोपणाच्या बाटलीत घेतात. त्यात रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचं रसायन असतं. या रसायनात प्लेटलेट्स फुगतात. शरीरात त्या चपट्या थाळीसारख्या असतात, बाटलीत हळूहळू गोल होत जातात. जितका वेळ जाईल तितका आकडा वाढत जातो. रक्त काढल्यापासून ठरावीक वेळात, तासा-दोन तासांत मोजलं तरच एमपीव्हीची तुलना करायला काही अर्थ राहतो. चाचांचं रक्त सोळा तास बाटलीत होतं. उरणमधून नमुना पुढे नवी मुंबईला जायचा म्हणजे गाडी कधी निघते, रस्त्यावर कंटेनरची रांग किती आहे, या सगळ्याची बेरीज त्या आकड्यात मिसळते.

दुसरी अडचण मशीनची. अमेरिकन इंजिनियर वॉलेस कूल्टर यांनी १९५३ मध्ये पेशी मोजायच्या युक्तीचं पेटंट घेतलं आणि आजही बरीच मशीन्स त्याच तत्त्वावर चालतात. जेएनपीटीच्या गेटवर एकेक ट्रक पुढे सरकतो तशी एकेक पेशी एका बारीक छिद्रातून जाते. ती जाताना विजेच्या प्रवाहाला जो अडथळा होतो त्यावरून मशीन तिचं आकारमान ठरवतं. पण मशीनला चेहरा दिसत नाही, फक्त आकार कळतो. दोन-तीन प्लेटलेट्स चिकटून आल्या तर ती त्यांना एकच मोठी समजते. लोह कमी असलेल्या बायकांच्या किंवा थॅलेसेमिया मायनर असणाऱ्यांच्या तांबड्या पेशी लहान असतात, त्यातल्या काही ती प्लेटलेट्समध्ये मोजून टाकते. शिवाय एका कंपनीच्या मशीनचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या मशीनशी जुळेलच असं नाही. म्हणून वाशीच्या लॅबचा आकडा आणि पनवेलच्या लॅबचा आकडा शेजारी ठेवून 'वाढला' म्हणणं चूक आहे.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात नवलाची वाटली. काही माणसांच्या प्लेटलेट्स जन्मापासूनच मोठ्या असतात आणि त्यांना काहीही होत नाही. देशाच्या पूर्व भागातल्या, विशेषतः बंगालकडच्या निरोगी रक्तदात्यांत वेल्लोरच्या डॉक्टरांना हे आढळलं. प्लेटलेट्स संख्येने कमी, आकाराने मोठ्या, आणि माणूस ठणठणीत. त्याला हॅरिस सिंड्रोम असं नाव आहे. याउलट, बर्नार्ड-सुलिए नावाच्या दुर्मीळ आनुवंशिक आजारात प्लेटलेट्स प्रचंड मोठ्या असतात, पण त्या नीट चिकटतच नाहीत आणि मूल रक्तस्रावाने हैराण होतं. म्हणजे मोठी प्लेटलेट ही गुठळी जास्त करणारच असंही नाही. अशा आजारांची उकल करायला मुंबईत परळला, केईएम हॉस्पिटलच्या आवारात, राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे. घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणाचं रक्त लवकर थांबत नसेल तर तिचं नाव लक्षात ठेवावं.

आणि झटका आलेल्या माणसाच्या प्लेटलेट्स मोठ्या असतात, म्हणजे त्या आधीपासून मोठ्या होत्या की झटक्याच्या धावपळीत मज्जेने मोठ्या पाठवल्या? यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. म्हणूनच हृदयरोगाचा धोका ठरवायच्या कुठल्याही मोठ्या मार्गदर्शक यादीत एमपीव्ही नाही. तिथे वय आहे, तंबाखू आहे, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि साखर आहे.

डॉक्टरांनी चाचांचं रक्त पुन्हा घेतलं आणि तासाभरात मशीनवर लावलं. एमपीव्ही १०.८ आला. चाचींनी सुटकेचा श्वास टाकला. पण डॉक्टरांनी तेवढ्यावर सोडलं नाही. त्यांनी टेप काढला आणि चाचांचा कुर्ता वर करून बेंबीच्या रेषेत पोट मोजलं. चाचा अंगाने काटकुळे. लग्नात शिवलेली शेरवानी खांद्यांना आजही बसते म्हणून ते ऐट मारतात. पोट मात्र ९६ सेंटिमीटर भरलं. रक्तदाब १५२ आणि ९४. उपाशीपोटीची साखर १५८. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासली तरी १५० च्या पुढेच. चाचांना डायबिटीस होता. किती वर्षांपासून, कुणास ठाऊक. तापाच्या रिपोर्टात साखर तपासलेलीच नव्हती, म्हणून तिच्यापुढे 'एच' लिहायची वेळच आली नाही.

बारीक माणसाला साखर कशी, हा प्रश्न आमच्या घरात आठवडाभर फिरत होता. त्याचं उत्तर आपल्या पुण्यातच शोधलं गेलंय. केईएम हॉस्पिटल, पुणे इथले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून आई आणि बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं वजनाने हलकी जन्मतात, पण त्यांच्या अंगात स्नायूंच्या मानाने चरबी जास्त असते, असं त्यात दिसलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. कपड्यांवरून दोघेही सडपातळ. आपली चरबी पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात जाऊन बसते, ती कुर्त्याखाली दिसत नाही. म्हणून आपल्या लोकांसाठी कमरेची मर्यादाच वेगळी धरतात. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. टेप दहा-वीस रुपयांना मिळतो आणि त्याला ईडीटीए लागत नाही.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात १० कोटींहून जास्त माणसांना मधुमेह आणि आणखी १३ कोटींहून जास्त माणसांना त्याच्या उंबरठ्यावरची साखर असल्याचं दिसलं. उरणला हे आकडे परके नाहीत. आमच्या आधीच्या पिढीने मिठागरांत आणि शेतात घाम गाळला, होड्या ओढल्या, मोऱ्याच्या धक्क्यापर्यंत पायी जाऊन लाँच पकडली. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं, शेतं गोदामांखाली गेली. मुलं शिफ्टच्या नोकरीला लागली. रात्री दोनला चहा-वडापाव, सकाळी झोप. ताटातला भात मात्र शेतात राबणाऱ्या माणसाएवढाच राहिला. तांदळाची भाकरी, वर भात, दावतीला बिर्याणी आणि त्यावर शीरखुर्मा. ताटाला आम्ही नावं ठेवत नाही. मासळी तर हृदयाला चांगलीच. पण भाताचा डोंगर आणि बसून काढलेला दिवस यांची जोडी वाईट.

ॲस्पिरिनबद्दल थोडं सविस्तर, कारण ही चूक आमच्याच घरात झाली नाही. ज्याला झटका येऊन गेलाय किंवा स्टेंट बसलाय त्याला ही गोळी जीवदान असते. मामूंनी ती कुणाच्या सांगण्यावरून एक दिवसही सोडू नये. पण ज्याला हृदयरोग नाही त्याचा हिशोब निराळा आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी हृदयरोग नसलेल्या १५,४८० मधुमेहींवर सरासरी सात वर्षांहून अधिक काळ अभ्यास केला आणि २०१८ मध्ये निकाल दिला. झटका-लकव्यासारख्या गंभीर घटना ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ८.५ टक्के, न घेणाऱ्यांत ९.६ टक्के. मोठा रक्तस्राव घेणाऱ्यांत ४.१ टक्के, न घेणाऱ्यांत ३.२ टक्के. जे एका हाताने मिळालं ते जवळजवळ सगळं दुसऱ्या हाताने गेलं. त्यात गुडघ्याची गोळी जोडीला असेल तर पोटाचं काय होतं ते चाचांनी दाखवून दिलं. ॲस्पिरिन एकदा प्लेटलेटला बांधून टाकते ती तिच्या मरेपर्यंत, म्हणून गोळी बंद केल्यावरही तिचा असर उतरायला आठवडा-दहा दिवस जातात.

याच कारणासाठी हिजामाची गोष्टही सांगून ठेवतो. हिजामा सुन्नत म्हणून आपल्याकडे पुष्कळ जण करून घेतात. पण रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, प्लेटलेट्स कमी असतील किंवा साखर ताब्यात नसेल, तर हिजामा करणाऱ्याला ते आधी सांगावं आणि आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये. कलौंजीबद्दलही तेच. चिमूटभर मसाल्यात घालायला कोण नको म्हणेल? पण तेल आणि कॅप्सूल गोळ्यांच्या जोडीला घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

रोज्यात रक्त तपासायला द्यावं का, हा प्रश्न दर रमजानला येतो आणि लोक तपासणी ईदनंतरवर ढकलतात. आपल्या कोकणपट्टीत बहुतेक घरं शाफई. शाफई आणि हनफी या दोन्ही मसलकांत शरीरातून रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, मात्र अशक्तपणा येईल एवढं काढू नये. तपासणीला लागतं ते दोन-चार चमचे. मनात शंका असेल तर आपल्या इमामसाहेबांना विचारा, पण शुगर तपासायची महिनाभर थांबवू नका. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटून सहरी-इफ्तारच्या वेळा लावून घ्याव्यात.

मग रिपोर्टात एमपीव्हीपुढे 'एच' दिसला तर करायचं काय? प्लेटलेट्सची संख्या ठीक असेल, अंगावर निळे डाग, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त असं काही नसेल, तर घाबरून करण्यासारखं काही नाही. संख्या फार कमी असेल तर डॉक्टर काचपट्टीवर रक्त पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहायला सांगतील, ते करावं. आणि त्या 'एच'ने घाबरून का होईना, घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि कंबर मोजली गेली तर त्या ओळीने कामच केलं म्हणायचं. यासाठी पैशांचं कारण सांगायला नको. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत, त्यात ग्रामीण रुग्णालयंही येतात. खासगीत जायचं असेल तर जानेवारी २०२४ पासून उरणहून नेरूळ-बेलापूरला लोकल जाते. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असं काही झालं तर मात्र कुठलाही रिपोर्ट शोधत बसू नका. १०८ ला फोन करा.

बायकांबद्दल एक वेगळी ओळ लिहावीशी वाटते. चाचींची साखर शेवटची कधी तपासली होती असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्यांनी धाकट्याच्या जन्माचं साल सांगितलं. तो आता एकोणतीस वर्षांचा आहे. त्यांचीही तपासणी झाली. साखर उंबरठ्यावर निघाली, १११.

चाचांचं हिमोग्लोबिन तीन महिन्यांत बाराच्या वर आलं. ॲस्पिरिन बंद, गुडघ्याची गोळीही बंद. साखरेची एक आणि रक्तदाबाची एक अशा दोन गोळ्या चालू आहेत. फजरनंतर ते चालायला जातात, हल्ली चाचीही सोबत असतात. परवा नवा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी साखरेच्या आणि कोलेस्टेरॉलच्या ओळींवर पेनाने गोल केले होते. चाचांनी चष्मा लावला, कागद उजेडात धरला आणि सगळ्यात आधी एमपीव्ही शोधला.